रिट्रॅक्टेबल विमानात फायरवॉल सील करताना पुढच्या चाकाच्या खोक्याचं काय करायचं?

होटगीरोडकर (सोलापूर)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, पण नीट सांगितल्याशिवाय उत्तर नीट मिळायचं नाही म्हणून सगळंच लिहितो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, तिथंच मागच्या बाजूला मी आणि माझा मामेभाऊ दोन सीटचं फायबरचं विमान बांधायलोय. किट अर्धवट झालेलं एकाकडून घेतलं, लॅन्सेअरच्या जातीचं, इंजिन पुढं, लायकमिंग ओ-३२०, तिन्ही चाकं आत जातात, गिअर (चाकं आतबाहेर करायची यंत्रणा) हायड्रॉलिकवर आहे आणि त्याचा पंप म्हणजे पॉवर पॅक केबिनच्या बाजूला.

आता मुद्दा असा की पुढचं चाक मागं वळून आत येतं, म्हणून फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या आग अडवणाऱ्या भिंतीला, खालून मधोमध खाच आहे आणि तिथून मागं फायबरचं एक लांब खोकं दोघांच्या पायांच्या मधून गेलंय. फायरवॉलच्या सपाट भागावर आधीच्या मालकानं स्टेनलेसचा पत्रा लावलाय, तो चांगला दिसतो. पण खोक्याला आतून काहीच नाही, उघडं फायबर. फायरवॉलमधून तीन कंट्रोल केबल, पेट्रोलची लाइन, हायड्रॉलिकच्या दोन लाइन आणि वायरींचा एक जुडगा जातो. फिटिंग सगळी निळी ॲल्युमिनियमची, केबलना प्लॅस्टिकचे ग्रोमेट, आणि फटी सगळ्या लाल आरटीव्हीनं (सिलिकॉन सीलंटनं) भरल्यात. केबिनच्या बाजूनं फायरवॉलला पिवळा फोम चिकटवलाय, आवाज कमी व्हावा म्हणून असेल.

लाल आरटीव्हीच्या ट्यूबवर ३०० डिग्रीच्या आसपास लिहिलेलं असतं, मग ते चालेल का? खोक्याला पण फायरवॉल म्हणूनच धरायचं का? आणि हे सगळं सामान अमेरिकेतूनच मागवावं लागेल की इथं काही मिळेल? इंजिन अजून बसवलेलं नाही, म्हणजे हात सगळीकडं पोचतोय, जे करायचं ते आत्ताच करून घ्यायचंय.

पुण्याचा_ग्लायडर

अभिनंदन हो! कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१७ मध्ये त्याचं डीजीसीएकडं (विमान वाहतूक महासंचालनालयाकडं) रजिस्ट्रेशन झालं, तेव्हापासून वाटायचं की आणखी कुणीतरी गावाकडं हे करायला पाहिजे. सोलापुरात होतंय हे वाचून फार बरं वाटलं.

लाल आरटीव्ही अजिबात नको. इंजिनाच्या बॅफलना (थंड हवा वळवणाऱ्या पत्र्यांना) ते उत्तम, पण खरी आग लागली की त्याची राख होऊन गळून पडतं आणि भोक मोकळं होतं. आणखी एक, सीलिंग फक्त आगीसाठी नसतं. एक्झॉस्टला बारीक तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड त्याच फटींमधून केबिनमध्ये येतो, त्याला ना वास ना रंग. आगीची वेळ कदाचित कधीच येणार नाही, पण हा गॅस प्रत्येक फ्लाइटला यायची शक्यता असते. पॅनेलवर एक चांगला डिजिटल सीओ डिटेक्टर लावाच. बाकी जाणकार सांगतील.

निवृत्त_एएमई

होटगीरोडकर, तुम्ही इंजिन बसवायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. इंजिन बसल्यावर या कामाला दुप्पट त्रास होतो आणि मग लोक अर्धवट सोडतात.

पहिलं खोक्याचं बोलतो कारण बाकी गोष्टी कुणीही सांगेल. फायरवॉल म्हणजे तो उभा सपाट पत्रा असं आपण धरून चालतो, ते चुकीचं आहे. इंजिनाकडची हवा जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत सगळी फायरवॉलच. तुमच्या खोक्याचं तोंड इंजिनाच्या बाजूला उघडं आहे, म्हणजे खोक्याच्या आतल्या पाचही बाजू फायरवॉल झाल्या, आणि त्या आत्ता उघड्या फायबरच्या आहेत. त्यात गिअर खाली असला की दारं उघडी, काउलमधून (इंजिनावरच्या झाकणातून) बाहेर पडणारी हवा पोटाखालून मागं जाते, ज्वाळा असेल तर तीही त्याच वाटेनं जाणार, आणि वाटेत हे खोकं तोंड उघडून बसलंय. फिक्स्ड गिअरवाल्यांना हा प्रश्नच येत नाही, म्हणून त्यांचे सल्ले वाचून तुमचं काम पूर्ण होणार नाही. मागं इंजिन असलेल्या लाँग-ईझीसारख्या विमानांचं पण वेगळं, त्यांचं पुढचं चाक आत जातं खरं, पण ते इंजिनापासून लांब, नाकात.

आकडे लक्षात ठेवा. सर्टिफाइड विमानात फायरप्रूफ म्हणजे सुमारे १०९३ डिग्री सेल्सिअसच्या ज्वाळेत १५ मिनिटं टिकणारं, आणि फायर रेझिस्टंट म्हणजे ५ मिनिटं. स्टेनलेसचा पत्रा ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर जाड असला की तो वेगळ्या टेस्टशिवाय मान्य होता. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतात. अमेरिकेत २०१७ मध्ये भाग २३ ची (छोट्या विमानांच्या नियमांची) सगळी मांडणी बदलली, पण जुने आकडे आजही कामाचे आहेत. घरी बांधलेल्या विमानाला तिकडं हे नियम सक्तीचे नाहीत, म्हणून तर बांधणाऱ्यानं स्वतःहून पाळायचे.

खोक्याला दोन उपाय. एक, आतून पूर्ण स्टेनलेसचं अस्तर. वजन वाढतं, पण तुम्ही फॅब्रिकेशनवाले आहात, वाकवणं तुम्हाला अवघड नाही. दुसरा, फायबरवर ३ मिलिमीटरचा सिरॅमिक पेपर आणि त्यावर पातळ स्टेनलेस फॉइल. दुसऱ्यात कडा फार जपायच्या. फॉइल सगळीकडून दुमडून बंद करा, कारण उघड्या राहिलेल्या सिरॅमिकमध्ये इंजिनचं ऑइल किंवा हायड्रॉलिक झिरपलं की त्याची दिव्याच्या वातीसारखी वात होते, मग संरक्षणासाठी लावलेली वस्तूच जळत राहते. त्यात तुमच्या खोक्यात चाक पाणी आणि चिखल पण आणणार. आणि अस्तर लावल्यावर विमान जॅकवर घेऊन गिअर पुन्हा पुन्हा आतबाहेर करून बघा, टायरला चहूबाजूंनी जागा उरली पाहिजे. उड्डाणानंतर चाक फिरत असतानाच आत येतं आणि फिरता टायर थोडा मोठा होतो, हे हिशोबात धरा.

आता भोकं. निळी ॲल्युमिनियम फिटिंग काढून त्याच मापाची स्टीलची बसवा, पेट्रोलची, हायड्रॉलिकची, सगळी. त्या फिटिंगमधून नुसती आग नाही, पेट्रोलच आत येईल. प्रेशर सेंडर (दाब मोजणारा सेन्सर) इंजिनला थेट लावू नका, पितळी निपल कंपनानं तुटतात, सेंडर फायरवॉलवर लावून नळी आणा आणि तिच्या मुळाशी बारीक भोकाचं रिस्ट्रिक्टर फिटिंग घाला म्हणजे नळी फुटली तरी धार लागणार नाही. केबलना स्टीलचे आयबॉल फिटिंग, म्हणजे केबल वळू देणारी गोल गोळ्याची फिटिंग. वायरींसाठी फ्लँज असलेला स्टेनलेसचा नळीचा तुकडा, त्यावर फायरस्लीव्ह (आग सोसणारी बाही) चढवून दोन्हीकडं क्लॅम्प आणि आत सीलंट भरायचं. गिअरच्या मायक्रोस्विचच्या वायरी वेगळ्या छोट्या भोकातून नेलेल्या असतात, त्या बघायला विसरू नका, माझ्या पाहण्यात हमखास तीच भोकं राहून जातात. पत्रा ॲल्युमिनियमच्या रिव्हेटनं लावला असेल तर रिव्हेट बदला, स्टील किंवा मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू). हीटरची पेटी फायरवॉलवर असेल आणि ॲल्युमिनियमची असेल तर ती म्हणजे तीन इंचाचं तयार भोकच.

फोम मात्र आजच काढून टाका. बाकीचं सावकाश करा. स्टेनलेस वितळत नाही, पण पुढून आग लागली की काही वेळात लालबुंद होतो आणि मागं चिकटवलेला फोम पेट घेतो, त्याचा धूर बंद केबिनमध्ये दोन श्वासात माणसाला आडवा करेल. म्हणजे फायरवॉल शाबूत, आणि आतली माणसं गेलेली. इन्सुलेशन लावायचंच असेल तर इंजिनाच्या बाजूनं, सिरॅमिक आणि त्यावर फॉइल.

फायबरच्या विमानाला आणखी एक भीती असते. घरी नेहमीच्या तापमानाला क्युअर केलेलं इपॉक्सी शंभर डिग्रीच्या आतच मऊ पडायला लागतं. इंजिन माउंटचे बोल्ट त्याच फायबरला धरून आहेत. म्हणून पत्रा आणि फायबरच्या मधलं इन्सुलेशन माउंटच्या चारही कोपऱ्यांपर्यंत नेलंच पाहिजे, नाहीतर आग आत न येताही माउंटची पकड जाऊ शकते.

होटगीरोडकर (सोलापूर)

सर, फोम आज संध्याकाळीच खरवडून काढला. खोक्याला स्टेनलेसचं अस्तरच करायचं ठरवलंय, माउंटच्या कोपऱ्यांना सिरॅमिक आणि फॉइल. मायक्रोस्विचच्या वायरी खरंच वेगळ्या भोकातून गेल्यात, नुसता टेप गुंडाळलेला होता. आता सामानाचं कुणी सांगा, आणि सीलंट नक्की कुठलं?

बॉयलरवाला

अण्णा, सामानाचं मी सांगतो की. माझं सगळं आयुष्य साखर कारखान्यांच्या बॉयलरच्या लायनिंगमध्ये गेलंय, विमानातलं मला काही कळत नाही पण तापमान कळतंय. सिरॅमिक ब्लँकेट आपल्या भागात भरपूर हाय, गाळप संपलं की कारखान्यांची ओव्हरहॉलिंग चालू होतात तेव्हा रिफ्रॅक्टरीवाल्यांकडं रोल पडलेले असतात. १२६० डिग्री ग्रेड मागायचं, डेन्सिटी ९६ किंवा १२८. पेपर पण मिळतो. फरक एवढाच की पेपरात बाइंडर असतो, पहिल्यांदा तापला की धूर सोडतो, म्हणून एएमई सर म्हणाले ते बरोबर, इंजिनाच्या बाजूलाच लावायचं. कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, फॅन बंद ठेवून, नाहीतर बारीक तंतू छातीत जातात, आमच्यातले जुने लोक उघड्या तोंडानं काम करायचे, आता खोकत बसलेत, म्हणून कळकळीनं सांगतो.

स्टेनलेस घेताना बिलावर ३०४ लिहून घ्या आणि तरी टेस्ट करा. बाजारात २०२ ला ३०४ म्हणून सर्रास खपवतात, दोन्हीला चुंबक चिकटत नाही त्यामुळं चुंबकानं कळत नाही. भंगारवाल्यांकडं थेंब टाकून बघायचं केमिकल मिळतं, २०२ मध्ये मँगनीज जास्त असतं त्यानं रंग बदलतो. ०.४ मिलिमीटरचा पत्रा सहज मिळेल, तुमच्या ०.३८ पेक्षा जाडच.

सीलंटचं असं, बांधकामातलं फायरस्टॉप सीलंट इथं मिळतं. पॉवर प्लांटमध्ये केबल ट्रे भिंतीतून जिथं आरपार जातात तिथं तेच भरतात, आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसीत १३२० मेगावॉटचा प्लांट हाय, तिथं काम केलेल्या इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरला विचारा, कुठनं आणतात ते सांगेल. त्यात दोन जाती. एक पाण्यावर आधारित, ते उष्णतेनं फुगतं आणि फट भरतं, पण कायम ओल लागली की खराब होतं. दुसरं सिलिकॉनवर आधारित फायर रेटेड. तुमच्या चाकाच्या खोक्यात पाणी येणार, म्हणून तिथं पहिलं नको.

आणि नुसतं वाचून लावू नका, तुकडा करून जाळून बघा. एक फूट बाय एक फुटाचा तोच पत्रा, तेच फिटिंग, तोच वायरींचा जुडगा, तेच सीलंट, आठवडाभर वाळू द्या आणि मग उघड्यावर गॅसच्या मोठ्या बर्नरनं १५ मिनिटं. ज्वाळेत के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) धरा, ११०० च्या आसपास आलं पाहिजे. मागच्या बाजूनं बघत राहायचं, ज्वाळा आली का, धूर किती आला, सीलंट गळून पडलं का. वाळूची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर जवळ. मी येतो, बर्नर माझ्याकडं हाय.

निवृत्त_एएमई

बॉयलरवाले, तुम्ही विमानातलं कळत नाही म्हणता, पण ही टेस्ट तर आम्ही सगळ्यांना सांगत असतो आणि फार थोडे लोक करतात. करा नक्की.

त्यात एकच भर घालतो. बांधकामातल्या सीलंटचं दोन तासांचं रेटिंग हे भिंतीच्या जाडीत दोन-दोन इंच भरल्यावरचं असतं, आपल्याकडं पत्रा अर्धा मिलिमीटर पण नाही आणि वर कंपन. म्हणून सीलंटनं भोक बुजवायचं नाही. आधी स्टेनलेसच्या वॉशरनं किंवा दोन तुकड्यांच्या प्लेटनं फट जवळजवळ बंद करायची, मग कडेनं इंजिनाच्या बाजूनं सीलंटचा फिलेट (कोपऱ्यात गोलसर पट्टी) द्यायचा. विमानासाठीचं म्हणून पीआर-८१२ वापरतात, ते मागवावं लागेल. बरेच विमान बांधणारे ३एम फायर बॅरियर २००० वापरतात, ते सिलिकॉन आहे. गुळगुळीत स्टेनलेसवर कुठलंही सीलंट नीट धरत नाही, एमरी मारून, ॲसिटोननं पुसून मगच लावा, आणि वाळल्यावर नखानं उचकटून बघा.

बारामतीचा_इन्स्ट्रक्टर

सगळं पत्र्याचं चाललंय म्हणून उडवणाऱ्याच्या बाजूनं थोडं लिहितो. फायरवॉल तुम्हाला वेळ देते, तो वेळ कशात घालवायचा हे जमिनीवर बसून ठरवा. ५००० फुटांवरून मिनिटाला १५०० फुटांनी उतरलात तरी तीन मिनिटांपेक्षा जास्त लागतात.

हवेत इंजिनाला आग दिसली तर पहिल्यांदा पेट्रोलचा व्हॉल्व्ह बंद, मिक्स्चर कटऑफ, बूस्ट पंप बंद, हीटर बंद. व्हॉल्व्ह केबिनच्या बाजूला आणि दोघांच्याही हाताला येईल असा हवा. मग मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, बंद. आणि इथं रिट्रॅक्टेबलचं वेगळेपण येतं. मास्टर बंद केला की तुमचा हायड्रॉलिक पंप गेला आणि गिअरचे दिवे पण गेले, आता चाकं खाली आणायची ती इमर्जन्सी व्हॉल्व्ह उघडून स्वतःच्या वजनावर. काही किटमध्ये पुढचं चाक हवेच्या विरुद्ध खाली ढकलायला गॅस स्ट्रट असतो, तो बरोबर त्या आगीजवळ असतो, त्याचे सील गेले तर चाक लॉक होईलच असं नाही. वर चाकं खाली म्हणजे दारं उघडी, खोकं उघडं. म्हणून चाकं लवकर सोडू नका, उतरायची जागा नक्की झाल्यावर सोडा. आणि इंजिन परत सुरू करायचा प्रयत्न कुठल्याही परिस्थितीत नाही.

जागेचं म्हणाल तर तुमच्याकडं ज्वारी काढल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये मोकळी रानं मिळतात, पावसाळ्यात तीच काळी माती अशी असते की चाक रुतून विमान नाकावर जाईल, तेव्हा चाकं आतच ठेवून पोटावर उतरणं बरं. उसात शक्यतो नको. हे सगळं तुमच्या विमानाच्या हँडबुकशी ताडून एका कार्डावर लिहा आणि इंजिन बंद असताना डोळे झाकून हात फिरवून बघा.

होटगीरोडकर (सोलापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. बॉयलरवाले अण्णा, रविवारी शेडवर या, पत्रा आणि फिटिंग तयार ठेवतो, टेस्ट आपण मागच्या मोकळ्या जागेत करू. मामेभाऊ कार्ड लिहायला बसलाय.

एएमई सर, एकच शेवटचं. गिअरमध्ये आत्ता लाल ५६०६ हायड्रॉलिक तेल आहे. विमान बांधणाऱ्या एका परदेशी माणसानं ८३२८२ वापर म्हणून सांगितलं. बदलायचं का, आणि बदलायचं तर सगळे सील पण बदलावे लागतील का?

निवृत्त_एएमई

बदला. ५६०६ चा फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) किमान ८२ डिग्री, ८३२८२ चा किमान २०५ डिग्री. हायड्रॉलिकच्या लाइनमध्ये हजार पीएसआयच्या पुढं प्रेशर असतं, होजला टाचणीएवढं भोक पडलं की तेलाचा फवारा उडतो आणि समोर एक्झॉस्टचा पाइप तापलेला. त्या वेळी हा फरक कामाला येतो. जळणार नाही असं नाही, पण पेटायला बराच अवघड.

सील बदलायची गरज नाही, दोन्ही तेलं त्याच नायट्राइल रबराला चालतात आणि एकमेकांत मिसळली तरी बिघडत नाही, पण जुनं जेवढं राहील तेवढा फायदा कमी, म्हणून सगळ्या लाइन काढून निथळवा. ८३२८२ फार थंडीत घट्ट होतं, सोलापूरला त्याची चिंता नाही. ब्रेकला पण तेच घाला. गाडीचं ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील फुगतात.

आणि लाइन उघडताय तर फायरवॉलच्या पुढच्या दोन्ही होज बदलूनच टाका, फायर रेटेड, फायरस्लीव्हसकट, स्लीव्हची कापलेली टोकं सीलंटमध्ये बुडवून. टोक उघडं राहिलं की तेल स्लीव्हच्या आत शोषलं जातं. जुन्या होजवर तारीख छापलेली असेल, ती किती सालची आहे तेवढं रविवारी बघून इथं टाका.